कोरडे दहा सेकंद

डिझेल वर्कशॉपमध्ये त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागे रुमालवाले. हे त्यांना ठाऊक होतं, पण कानावर आलं की ऐकू न आल्यासारखं करायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. रोज सकाळी बायको इस्त्रीचा एक पांढराशुभ्र रुमाल त्यांच्या वरच्या खिशात घालून देई. घाम पुसायला त्यांच्याकडे वेगळं फडकं होतं. रुमाल पंपांसाठी होता.

दुरुस्तीला आलेल्या डिझेल गाडीत इंजिनाला दाबाने डिझेल पुरवणारा पंप असतो, त्यावर अंगठ्याएवढी एक झडप असते. रुमालवाले दोन स्क्रू काढून ती बाहेर घेत, रुमालाच्या कोपऱ्यावर पुसत आणि रुमाल उजेडाकडे धरत. कापड नुसतं ओलं झालं तर गाडीवाला सुटला. त्यावर धातूची बारीक चमकी दिसली, तर पंप आतल्या आत स्वतःलाच किसतोय आणि तो कीस नळ्यांमधून, इंजेक्टरांमधून फिरून पार टाकीपर्यंत पोचलाय, असा त्याचा अर्थ. मग एकटा पंप बदलून भागत नाही. चांगली धडधाकट माणसं त्या रुमालाकडे बघताना पांढरीफटक पडत. रुमालवाले रुमालाची घडी घालत आणि म्हणत, "बसा. पाणी घ्या."

त्यांचा राग नाकावर असे. पंपाच्या खोलीत धुळीचा कण चालत नसे, म्हणून काचेच्या दाराबाहेर चपला काढायच्या हा नियम. बँकेतून यंत्रं बघायला आलेल्या साहेबांना त्यांनी पायमोजेही झटकायला लावले होते. आणि कुणी "पूर्वीचे पंप कसे दणकट होते हो" म्हणालं, की झालं.

"पूर्वीचा पंप म्हाताऱ्यासारखा होता," ते म्हणत. "दोन वर्षं खोकायचा, धूर सोडायचा, सगळ्या नातेवाइकांना भेटून मग जायचा. नवा पंप सकाळी हसत घराबाहेर पडतो आणि दुपारी फोन येतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला वेगळं वंगण नसतं. आतून जाणारं डिझेल हेच त्याचं वंगण. तुम्ही त्याला पाणी पाजलंत, पेट्रोल पाजलंत, नाहीतर उपाशी पळवलंत, तर तो काय करेल?"

उपाशी पळवणं हे त्यांच्या लेखी सगळ्यात मोठं पाप. नवा पंप बसवला की आधी इंधनाच्या नळीवरचा रबरी फुगा हाताने दाबून दाबून पंप डिझेलने भरून घ्यायचा. नळीतला शेवटचा बुडबुडा गेला की मगच चावी. कोरडा पंप एक सेकंदही फिरवायचा नाही. हे वाक्य त्यांनी वर्कशॉपमधल्या प्रत्येकाकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं होतं, की धुलाईवालाही झोपेत म्हणून दाखवील.

ऑफिसच्या भिंतीवर एक पांढरा फळा होता. कुणाच्या हातची गाडी त्याच तक्रारीवर परत आली, तर तिचा नंबर त्या मिस्त्रीच्या नावाखाली लिहायचा. रुमालवाल्यांच्या नावाखाली सव्वीस वर्षांत काही लिहिलं गेलं नव्हतं. जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून कुणीतरी तिथे खिळा ठोकून कॅलेंडर लटकवलं होतं. ते कॅलेंडर बघून रुमालवाल्यांना बरं वाटे. दरवर्षी नवं कॅलेंडर तेच आणत.

आता ताईबद्दल. रुमालवाल्यांची थोरली बहीण, त्यांच्याहून अकरा वर्षांनी मोठी. त्यांना बावन्न वर्षं पूर्ण झाली तरी ती त्यांना बारक्या म्हणे आणि जेवलास का विचारल्याशिवाय कुठलंही बोलणं संपवत नसे. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्यांनी संप पुकारला. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा डायलिसिस. केंद्राची एक व्हॅन होती. ती सात पेशंटना घरून उचलायची आणि चार तासांनी पिळून निघालेले तेच सात जण घरी सोडायची. व्हॅनमध्ये कोण कुठे बसणार, काच किती उघडायची, रेडिओवर काय लावायचं, हे सगळं ताई ठरवत असे. ड्रायव्हर फक्त गाडी चालवी.

ती व्हॅन एका भर दुपारी लांब पुलाच्या मधोमध बंद पडली. बाजूला घ्यायला जागा नाही, सावली नाही. दीड तास सगळे तिथेच. ताईचा रक्तदाब उतरला आणि तिला पुलाच्या फरसबंदीवर, व्हॅनच्या सावलीत आडवी करावी लागली. गाडी वर्कशॉपमध्ये ओढून आणली. रुमालवाल्यांनी झडप काढली, रुमालावर पुसली आणि रुमाल चमचमला.

"डिझेल कुठून भरतोस?" त्यांनी ड्रायव्हरला विचारलं.

"पेट्रोल पंपावरूनच. फक्त अडीअडचणीला एक कॅन ठेवलाय केंद्राच्या मागे."

"झाकण आहे त्याला?"

ड्रायव्हरने आभाळाकडे पाहिलं. कॅनमध्ये तळाशी चार बोटं पाणी निघालं. रुमालवाल्यांनी त्याला अर्धा तास असं काही झापलं, की शेजारच्या टायरवाल्याने स्वतःच्या कॅनला झाकण लावलं.

पंप, इंजेक्टर, नळ्या, सगळं नवं आणलं. टाकी उतरवून धुतली. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं, रबरी फुगा हातात घेतला, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन वाजला.

"बारक्या, व्हॅन कधी देतोयस?" ताई म्हणाली. "आज भाड्याच्या गाडीने गेलो. तो मेला ब्रेक असे मारतो की मशीनवर जायच्या आधीच अर्धं रक्त पायात उतरलं. आणि सुईची जागा जरा सुजलीय, पण ते काही नाही. जेवलास का?"

ताईचा फोन अकरा मिनिटांत कधी संपला नाही, तसा तेव्हाही संपला नाही. सुजलीय म्हणजे किती सुजलीय, हे तीनदा विचारून तीन वेगळी उत्तरं मिळाली. फोन ठेवून रुमालवाले डोक्यात ती सूज घेऊनच व्हॅनमध्ये चढले आणि त्यांनी चावी फिरवली.

इंजिन गरगरलं, पण धरेना. त्यांनी चावी तशीच दाबून धरली. मग आवाज त्यांच्या कानापर्यंत पोचला. डिझेल नसलेल्या पंपाचा कोरडा, किरकिरा आवाज, जो ऐकून त्यांनी आजवर दुसऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. त्यांनी चावी सोडली. खाली उतरून पाहिलं तर फुगा चपटा लोंबत होता. दहा सेकंद झाले असतील.

आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी फुगा दाबून पंप भरला, शेवटचा बुडबुडा जाईपर्यंत. चावी फिरवली. गाडी अर्ध्या फेरीत लागली आणि गुळगुळीत चालली. झडप काढून पुसली, तर रुमाल कोरा. तेव्हाच पंप उतरवून उघडायला हवा होता. त्याऐवजी त्यांनी कामाचं कार्ड घेतलं, 'पंप भरून घेतला' या ओळीसमोर खूण केली, सही ठोकली आणि गाडी धुवायला पाठवली.

त्या दिवसापासून त्यांचा जीव टांगणीला लागला. गिऱ्हाइकांना ते स्वतःच सांगत आले होते, की रुमाल कोरा याचा अर्थ पंप चांगला असा नाही. अजून काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोरडा फिरलेला पंप पुढच्या चौकात जाईल, नाहीतर गाडी भंगारात गेली तरी चालत राहील. हे सांगणारं यंत्र जगात नाही. ते दर दोन दिवसांनी केंद्राच्या आवारात जायचे, झडप काढायचे, पुसायचे, परत बसवायचे. ड्रायव्हरला वाटलं, बहिणीवर काय माया आहे! त्याने हे सगळ्या पेशंटना सांगितलं. एका आजींनी तर रुमालवाल्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हल्ली दिवसाला तीन रुमाल लागतात तुम्हाला," बायको म्हणाली.

"काम वाढलंय," ते म्हणाले.

बाविसाव्या दिवशी त्यांनी सुट्टी टाकली आणि, ताईला सोबत म्हणून, परतीच्या फेरीला व्हॅनमध्ये बसले. खरं तर त्यांना पंपाचा आवाज ऐकायचा होता. ताईने त्यांना मागच्या कोपऱ्यातली जागा दिली आणि पाय नीट घ्यायला सांगितलं. त्या दिवशी एक नवे पेशंट होते, निवृत्त पोस्टमन. सगळे टेकून बसले तरी ते ताठच.

"ही गाडी मागे पुलावर बंद पडली होती म्हणे?" त्यांनी विचारलं.

"तो जुना पंप," ताई म्हणाली. "नवा माझ्या भावाने बसवलाय. हा काय मागे बसलाय. सव्वीस वर्षांत याच्या हातची एक गाडी परत आलेली नाही. तुम्ही खुशाल डोळे मिटा."

पोस्टमननी मागे वळून रुमालवाल्यांकडे पाहिलं, मान डोलावली आणि खरोखरच डोळे मिटले. पूल आला तोपर्यंत सातही जण झोपले होते. कुणाचं डोकं काचेला, कुणाचं शेजारच्याच्या खांद्यावर. ताईचा पट्टी बांधलेला हात मांडीवर उताणा पडला होता. रुमालवाले कान देऊन बसले. आवाज उत्तम होता. पूल संपेपर्यंत त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

ताईला घरी सोडून ते थेट वर्कशॉपमध्ये गेले. मालकीणबाई ऑफिसात चहा पीत होत्या. त्या वयाने लहान, वडिलांच्या पश्चात धंदा बघत, आणि रुमालवाल्यांना काका म्हणत.

"मॅडम, डायलिसिसची व्हॅन परत आलीय."

"कुठाय? मला दिसली नाही."

"यायची आहे. मी बोलावलीय."

"काय बिघडलं?"

"अजून काही नाही. मी नवा पंप कोरडा फिरवला होता. दहा सेकंद. बावीस दिवस झाले. कार्डावर भरून घेतल्याची खूण आहे, ती खोटी आहे."

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. "तुम्ही?"

"मी."

"अहो पण काका, असं होईल कसं? कुणी मधेच हाक मारली का? फोनबिन आला होता?"

त्या बिचाऱ्या सबब ताटात वाढून देत होत्या. फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही," रुमालवाले म्हणाले. "लक्ष नव्हतं."

मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. खालचा चौकोन बाकीच्या फळ्यापेक्षा पांढरा निघाला. त्यात त्यांनी व्हॅनचा नंबर लिहिला, पुढे कारण लिहिलं, आणि आपलं अक्षर किती वाईट आहे हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं. संध्याकाळपर्यंत सगळे मिस्त्री काही ना काही निमित्त काढून ऑफिसात डोकावून गेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पंप त्यांनीच उतरवला, त्यांनीच उघडला. मालकीणबाई चपला काढून शेजारी उभ्या होत्या. झडप पुसली, रुमाल कोराच. पण आत, दाब देणाऱ्या दांड्याखालच्या गुळगुळीत, लाटण्यासारख्या रुळावर, केसाएवढी एक रेघ होती.

"एवढीशी?" त्या म्हणाल्या. "याने किती दिवस काढले असते?"

"उद्यापर्यंत," रुमालवाले म्हणाले. "नाहीतर दहा वर्षं."

दुसरा पंप बसला. या वेळी फुगा दाबताना त्यांनी धुलाईवाल्याला साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. त्याने सवयीने ते वाक्य म्हणायला सुरुवात केली आणि मधेच जीभ चावली.

रविवारी ते ताईकडे गेले. ती खिडकीशी बसली होती. तिला दिवसभराचं पाणी मोजून प्यावं लागे, म्हणून बाटलीवर पेनाने रेघा मारलेल्या होत्या. ड्रायव्हरने तिच्या कानावर सगळं घातलेलंच होतं.

"कोरडा फिरवलास म्हणे."

"हो."

"किती वाजता?"

"दुपारी."

"दुपारी किती?"

"साडेबाराच्या सुमाराला असेल."

"मी फोन केला तेव्हा नाही ना?"

"छे," रुमालवाले म्हणाले. "तू तीनला केलास. तोवर गाडी धुवायला गेली होती."

लहानपणी पातेल्यातली साय कुणी खाल्ली हे विचारताना ताई जशी बघे, तशीच तिने आत्ताही पाहिलं. मग बाटली उचलून एका रेघेपर्यंत पाणी प्यायली, झाकण घट्ट लावलं आणि म्हणाली, "बरं. जेवलास का?"

यावर पुढे कधीच बोलणं झालं नाही. कॅलेंडर आता ऑफिसच्या दारामागे असतं. व्हॅन व्यवस्थित चालते आणि ताई अजून पेशंटना डोळे मिटायला सांगते, फक्त सव्वीस वर्षांचा हिशेब देत नाही. तिचा फोन हल्ली डब्याच्या सुट्टीतच येतो. पहिल्यांदा तसा आला तेव्हा रुमालवाले घास घेत होते, आणि तिचं पहिलंच वाक्य ऐकून त्यांना रडू फुटलं. घामाचं फडकं हाताशी नव्हतं, म्हणून त्यांनी इस्त्रीचा रुमाल काढला.

"बारक्या, हातात काही नाही ना?" ताईने विचारलं होतं. अजूनही ती रोज तेच विचारते. ते नाही म्हणतात. तरीही ती थोडा वेळ थांबते, आणि मग बोलायला लागते.