बाईंची करंगळी

व्हायोलिनच्या बाई चहा डाव्या हातानं पितात. उजव्या हातात गज असतो, आणि एका कपासाठी तो खाली ठेवणं त्यांना पटत नाही. पिताना त्यांची करंगळी अशी ताठ बाहेर येते, की खालच्या लाँड्रीवाल्याची बायको म्हणते, "तोरा बघा! कपाचा कान तुटलाय, पण ऐट राणीची." तोरा कसला? लहानपणी कपाटाच्या दारात सापडून ते बोट मोडलं, वाकडं सांधलं आणि आखडून बसलं, इतकंच. पण बाई हे कुणाला सांगत बसत नाहीत. लोकांनी कीव करण्यापेक्षा नावं ठेवलेली त्यांना बरी वाटतात.

मुंगीला मात्र माहीत होतं. मुंगी ही बाईंची सगळ्यात जुनी शिष्या. सात वर्षांची असताना आईचा पदर धरून ती या खोलीत आली, तेव्हा उभ्या ठेवलेल्या व्हायोलिनच्या पेटीपेक्षा जेमतेम उंच होती. "ही मुंगी वाजवणार?" बाई म्हणाल्या, आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता मुंगी चाळिशीला आलीय, अंगानं चांगली भरलीय, चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम करते, तिला स्वतःला एक मुलगी आहे. तरी शनिवारी दुपारी लाँड्रीशेजारचा जिना चढून वर आली की ती मुंगीच.

"संपत कसा नाही हो तुमचा कोर्स?" दुकानातले लोक विचारतात.

"संपेल की," मुंगी म्हणते, "बाई कंटाळल्या की."

बाईंची शिकवण्याची पद्धत एका वाक्यात मावायची: "माझ्या हाताकडे बघ आणि कर." पहिल्या दिवशी बाई मुलाची चार बोटं मोजायच्या, चारही तारेवर पडली पाहिजेत म्हणून बजावायच्या, आणि मग तोंड बंद. बाई वाजवणार, मूल बघणार. नंतर मूल वाजवणार, बाई डोळे मिटून ऐकणार. मिटल्या डोळ्यांनी त्यांना सगळं कळायचं. तार किती उतरलीय, गज कुठे अडखळला, इतकंच काय, पोर घरून भांडून आलंय की काय, तेसुद्धा. "आज हात चिडलाय. कुणावर?" असं त्या डोळे न उघडता विचारायच्या.

त्यामुळे बाईंची मुलं कुठेही ओळखू यायची. बाईंना सर्दीचा कायमचा त्रास, म्हणून वाजवायला लागण्याआधी त्या नाकानं सूंऽ करून जोरात श्वास ओढतात. मुलांनी तेही उचललं. एकदा एका सभागृहात सगळ्यांनी मिळून वाजवायचं होतं. बाईंनी मान हलवली, सगळ्या पोरांनी एकदम सूंऽ केलं, आणि पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी घाईघाईनं खिशातून रुमाल काढून पुढे केला.

मुंगी फार मोठी वादक होणार नाही, हे बाईंनी तिला पंधराव्या वर्षीच सांगून टाकलं होतं. "तुझा कान चांगला आहे, हात बरा आहे. पोटापाण्यासाठी दुसरं काहीतरी शोध. पण यायचं थांबू नकोस." मुंगी थांबली नाही. वडील गेले त्या आठवड्यातही ती आली. बाईंनी सांत्वनाचा एक शब्द काढला नाही. एरवी त्या कुणाच्या खुंट्यांना हात लावत नसत, पण त्या दिवशी तिचं व्हायोलिन स्वतः लावून दिलं आणि नुसते लांब लांब स्वर काढायला लावले. मुंगीच्या डोळ्यांतून धारा लागल्या. बाई म्हणाल्या, "रड, पण गज सरळ ठेव." लग्न ठरवायच्या वेळी मुंगीनं होणाऱ्या नवऱ्याला आधी बाईंसमोर आणून उभं केलं. बाईंनी त्याला स्टुलावर बसवून काहीतरी वाजवून दाखवलं. त्याला तिथेच डुलकी लागली.

"माणूस शांत आहे," बाईंनी निकाल दिला. "कर."

हळूहळू शिकवण्या कमी झाल्या. कुणी गाव सोडून गेलं, कुणी लग्न करून, कुणी नुसतंच कंटाळून. नवी पोरं मोबाइलवर बघून शिकायला लागली. शेवटी बाईंकडे उरल्या दोघी: मुंगी, आणि मुंगीची मुलगी, जिला सगळे छोटी म्हणतात. बाईंचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा आणि शनिवारीच संपायचा. एरवी भांडं विसळायला कंटाळणाऱ्या बाई त्या सकाळी खोली झाडून, पडदे सारखे करून बसायच्या, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की आपण काही वाट बघत नव्हतो अशा थाटात दार उघडायच्या.

छोटीचा हात मात्र आईसारखा नुसता 'बरा' नव्हता. "हिला ऑर्केस्ट्रात बसू दे आता," बाईच म्हणाल्या. "इथे मी एकटी किती पुरणार? शनिवारी येईलच की माझ्याकडे." म्हणून मुंगी तिला संगीत विद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेला घेऊन गेली.

परीक्षक तरुण होते आणि सभ्य होते. त्यांनी छोटीचं वाजवणं शेवटपर्यंत ऐकलं. मग खुर्ची जवळ ओढून तिच्या डाव्या हाताकडे बघत बसले.

"ही करंगळी काय करते?"

"काही नाही," छोटी म्हणाली. "ती बाहेर असते."

"चौथं बोट लागतं तिथे काय करतेस मग?"

छोटीनं करून दाखवलं. पुढची मोकळी तार वाजवली, आणि जिथे पुढची तारच नव्हती तिथे अख्खा हात वर सरकवला. परीक्षकांनी मान वळवून मुंगीकडे बघितलं.

"तुम्हीही वाजवता? हात धरा बघू तसा."

मुंगीनं हवेतच हात धरला. करंगळी ताठ बाहेर.

ते हसले नाहीत, हे मुंगीला पुढे फार आठवत राहिलं. म्हणाले, "कान उत्तम आहे पोरीचा. आम्ही घेतो तिला. पण तीन बोटांवर ती लवकरच अडकेल. हात पहिल्यापासून नव्यानं घडवावा लागेल, आणि तोवर दुसरी शिकवणी नको. इथे एक बघेल, तिथे एक बघेल, मग काहीच जमायचं नाही."

घरी आल्यावर मुंगी व्हायोलिन घेऊन आरशासमोर उभी राहिली. काडीइतका फरक पडला तरी तिला चष्म्याची काच तिरकी दिसते. एवढी वर्षं स्वतःचा हात मात्र दिसला नव्हता. तिनं करंगळी तारेवर टेकवून बघितली. झोपेतून उठवलेल्या पोरासारखी ती डुलत आली आणि घसरून पडली. लोक म्हणायचे, बाईंच्या वाजवण्यात एक हुंदका आहे. तो हुंदका म्हणजे ते हात सरकवणं होतं. चौथं बोट नव्हतं म्हणून आलेलं.

"सांगून टाक," नवरा म्हणाला.

"तू सांग."

"मी? मला त्या अजून झोपाळू म्हणतात."

"मग अभ्यास वाढला म्हणून सांगूया. छोटीला वेळ नाही."

"आणि त्या डोळे मिटून ऐकणार," नवरा म्हणाला. "बघ बुवा."

शनिवारी मुंगी एकटीच गेली. बाईंनी दार उघडलं, तिच्या मागे जिन्यावर बघितलं, आणि आत वळल्या.

"घेतलं ना तिला?"

"घेतलं."

"मग तोंड असं का? पेढीवर दरोडा पडल्यासारखं?"

"बाई, ते म्हणतात, दुसरी शिकवणी नको."

"का?"

मुंगीनं खूप तयारी केली होती, ती सगळी ऐन वेळी पळून गेली. तिनं पेटी उघडली, व्हायोलिन काढलं, आणि म्हणाली, "मी वाजवते. पण बाई, आज डोळे मिटू नका. माझ्या हाताकडे बघा."

ती वाजवायला लागली. रोजचंच, साधं. खाली लाँड्रीचं मशीन घरघरत होतं. बाई बघत राहिल्या. आधी कपाळाला आठी पडली, मग ती गेली. मुंगीचा हात वर सरकला, करंगळी हवेत उभी राहिली, आणि बाईंनी नकळत आपला डावा हात उचलून डोळ्यांसमोर धरला.

"थांब," त्या म्हणाल्या.

मुंगी थांबली.

"मी चार बोटं सांगितली होती तुला. पहिल्याच दिवशी. मोजून."

"सांगितली होती," मुंगी म्हणाली. "पण मी बघत होते ना."

बाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आपटल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला, मग कसलाच आला नाही. मुंगीला वाटलं, आत जावं. मग वाटलं, नको, बाईंना रडताना कुणी बघितलेलं चालणार नाही. ती व्हायोलिन मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. बाई आल्या तेव्हा डोळे कोरडे होते आणि पदर ओला होता.

"पोरीला तिथे घाल. आणि इकडे आणू नकोस."

"कधीच नाही?"

"भेटायला आण. पेटी घरी ठेवून आण. माझ्या हाताकडे तिनं आता बघायचं नाही." त्या धपकन खुर्चीत बसल्या. "आणि तू? तुलाही जायचंय नव्या मास्तरांकडे?"

"मला कोण घेतंय आता?"

"तेही खरंच. तुझा हात तर माझ्याहून वाईट. माझं बोट मोडलेलं तरी आहे. तुझं धडधाकट असून काम करत नाही."

मुंगीला हसू आलं आणि रडूही. पण बाईंचं लक्ष नव्हतं. त्या कुठेतरी लांब बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. नावं आठवत होत्या.

"कोण कोण शिकवतंय गं यातलं? पुढे?"

"म्हणजे?"

"म्हणजे माझी पोरं! एखाद्यानं शिकवण्या घेतल्या असतील, तर त्याची पोरंही... काढ तुझा मोबाइल. सगळ्यांचे वाढदिवस तूच सांभाळतेस ना? लाव एकेकाला."

"आत्ता?"

"नाहीतर कधी? मी मेल्यावर?"

पहिला फोन लागला तो एका जुन्या, खोडकर मुलाला. बाईंनी मोबाइल तोंडासमोर आरशासारखा धरला आणि ओरडल्या, "करंगळी वापरतोस का रे?"

"कोण बोलतंय? बाई? अहो बाई, व्हायोलिन कधीच सोडलं मी. नळाच्या पाइपांचं दुकान आहे माझं."

"बरं केलंस," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. "हा सुटला. पुढचा."

दुसरी लहान मुलांच्या शाळेत व्हायोलिनवर गाणी शिकवत होती. ती आधी गोंधळली, मग स्वतःचा हात बघून "अय्या!" म्हणाली, आणि बाईंनी तिला उभ्याउभ्या चौथ्या बोटाचा असा पाठ दिला, जो त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता. हात न दाखवता, नुसत्या तोंडानं. मुंगी ऐकतच राहिली.

तिसरा फोन लांबच्या शहरात लागला. हा बाईंचा सगळ्यात नाव काढलेला विद्यार्थी, मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा. बाईंनी प्रश्न विचारला.

"वापरतो, बाई. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी बदलून घेतला हात त्यांनी."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"आम्हाला बऱ्याच जणांना माहीत होतं. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून कुणी बोललं नाही."

बाईंनी मुंगीकडे बघितलं. मुंगीनं जोरजोरात मान हलवली: मला नव्हतं माहीत, शप्पथ.

"वाईट वाटेल म्हणून?" बाईंचा आवाज चढला. "अरे गाढवा! मला एक दिवस वाईट वाटलं असतं. ही बघ इथे चाळिशीची झाली! हिची पोर तशीच निघाली! सांगायला काय झालं होतं तोंडाला?"

"चुकलो, बाई."

"चुकलोच म्हण." त्या दम घ्यायला थांबल्या. पलीकडचा आवाज हळू झाला.

"एक सांगू? रागावू नका. घरी एकटा असलो की अजून तुमच्याच हातानं वाजवतो. ते सरकवणं चार बोटांत येत नाही."

बाईंनी मोबाइल कानाशी नेला, जरा घट्ट धरला.

"दार लावून वाजव," शेवटी त्या म्हणाल्या. "पोरं बघतात."

मग मोबाइल मुंगीच्या हातात देत खुर्ची पुढे ओढली. "लाव पुढचा."