मूठ छातीवर

मंद्रूपजवळच्या एका वस्तीवरच्या शाळेत पहिली ते चौथी एकाच खोलीत बसते आणि शिकवायला बाई एकच, प्रियदर्शनी. पोरांच्या घरात कानडी, पुस्तकात मराठी. तिनं प्रश्न विचारायचा अवकाश, की ‘बाई मी! बाई मी!’ म्हणून पोरं शाळा डोक्यावर घ्यायची. ज्याला उत्तर यायचं तो मागे गप्प आणि ज्याचा घसा मोठा तो पुढे. मोठ्यांच्या सभांतही हेच चालतं म्हणा.

शेवटी तिनं तोंडाचा कारभार हातांकडे दिला. ही विद्या तिच्या बापाची. धुळा सांगोल्याकडचा मेंढपाळ. माळावर एका टेकाडावरून दुसऱ्या टेकाडावरच्या गड्याला तो नुसत्या हातानं सांगायचा: कळप वळव, थांब, इकडं पाणी हाय. लहानपणी बघितलेलं तिनं वर्गात आणलं. एक बोट वर म्हणजे काहीतरी विचारायचंय. दोन बोटं म्हणजे उत्तर देतो. तळवा समोर धरला म्हणजे थांब, दुसऱ्याची पाळी आहे. थोड्याच दिवसांत वर्गात पत्र्यावरच्या चिमण्या ऐकू यायला लागल्या.

चौथी खूण मात्र पोरांची. दुसरीतल्या शरणबसवला उत्तर यायचं, पण कानडीत. मराठी शब्द शोधेपर्यंत त्याची पाळी निघून जायची. एकदा त्यानं चिडून मूठ छातीवर आपटली आणि तशीच ठेवली. इथं आहे, पण बाहेर येईना, हे सगळ्या वर्गाला न सांगता कळलं. प्रियदर्शनीनं तिथल्या तिथं नियम केला: कुणाची मूठ छातीवर असेल तोवर बाकीच्यांनी बोलायचं नाही. बाईंनीसुद्धा नाही.

घरी मात्र हा नियम नव्हता. दोन वर्षांपूर्वी धुळाच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लोंबता राहिला आणि शब्द जिभेवर येऊन अडकायला लागला. कळायचं त्याला सगळं. डॉक्टर म्हणाले, बोलत राहिले तर थोडंफार परत येईल, नाहीतर आहे तेही जाईल. प्रियदर्शनी बापाला तळहातावरच्या फोडासारखं जपायची. त्यानं ‘पा’ म्हणावं, हिनं पाणी आणावं. त्यानं ओठ हलवावेत, हिनं वाक्य पुरं करावं. हळूहळू त्यानं तोंड उघडणंच सोडलं. ‘पिरे’ ही त्याची हाक तर आजारपणापासून बंदच होती, आणि आता ती कधीच ऐकू येणार नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं.

एके दिवशी आई, बनाबाई, माहेरच्या लग्नाला गेली. बापाला एकटं कसं ठेवायचं, म्हणून प्रियदर्शनी त्याला रिक्षानं शाळेत घेऊन आली. फळ्याशेजारी खुर्ची टाकली. सकाळभर तो पोरांचे हात बघत बसला. दुपारी तिनं वर्गाला सांगितलं, ‘हे माझे आबा. यांनी जन्मभर मेंढरं राखली. विचारा काय विचारायचं ते.’

तिसरीतल्या मायाक्काचं बोट वर गेलं. ‘आजोबा, तुमच्या कुत्र्याचं नाव काय हुतं?’

धुळाचे ओठ हलले. ‘ता...’

‘वाघ्या,’ प्रियदर्शनी सवयीनं म्हणाली. ‘फार गुणी होता. एकदा काय झालं...’

धुळानं मान हलवली. डावा हात उचलला आणि मूठ छातीवर ठेवली. तिचं लक्षच नव्हतं, ती आपली सांगत सुटली होती. तेवढ्यात मायाक्कानं तळवा समोर धरला. मग शरणबसवनं. मग एकेक करत सगळ्या खोलीनं. थांबा बाई, दुसऱ्याची पाळी आहे.

ती थांबली. बाहेरून एक ट्रॅक्टर धडधडत गेला. शरणबसवला शिंक आली, ती त्यानं नाक दाबून जिरवली. धुळाच्या कपाळावर घाम आला, तेव्हा तिला वाटलं, पुरे झालं, आबांना त्रास होतोय. पण पोरं हलेनात. एरवी घडीभर बूड न टेकणारी पहिलीतली चिल्लीपिल्लीसुद्धा डोळे मोठे करून त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि एकालाही घाई नव्हती. एवढ्याशा जिवांनी एवढा धीर आणला कुठून?

‘तांबडी,’ धुळा म्हणाला. मूठ छातीवरच होती, म्हणून कुणी बोललं नाही. ‘कुत्री हुती. वाघ्या... मागनं. ही जल्मायच्या आदी... तांबडी.’

हे नाव प्रियदर्शनीनं जन्मात ऐकलं नव्हतं. दोन वर्षं ती बापाची उत्तरं देत होती आणि ती बरोबर आहेत की नाहीत, हे आज पहिल्यांदा तपासलं गेलं होतं. मूठ खाली आली, तशी खोलीभर बोटं उगवली. तांबडी चावायची का? लांडगा बघितला होता का? धुळा प्रत्येकाला मूठ दाखवत होता आणि प्रत्येक जण थांबत होता.

संध्याकाळी घरी आल्यावर तिनं चहा केला, आबांना लागतो तसा, भरपूर साखर घालून. कप पुढे करता करता ती थांबली.

‘आबा, चहाच देऊ ना?’

धुळानं मूठ छातीवर ठेवली. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली. चहावर साय धरली. शेजारची बाई दारात येऊन काहीतरी विचारायला लागली, तिला हिनं मागे न बघता तळवा दाखवला.

‘च्या... लई ग्वाड,’ धुळा म्हणाला. ‘रोजच... लई ग्वाड करतीस... पिरे.’

तिला हसू फुटलं आणि रडूही. डोळे पुसत ती उठली, तो चहा मोरीत ओतला आणि कमी साखरेचा टाकला.