पडलास तू, सावरलंस मला

मला भीती ऑपरेशनची नव्हती, घरी आल्यानंतरची होती. मोतीबिंदू काढायला सकाळी गेलं की दुपारी घरी, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण पुढचं ऐकून मी हबकले. खाली वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, डोळा चोळायचा नाही, कपाळाला भस्मसुद्धा लावायचं नाही, कारण कण डोळ्यात जातो. माझ्या दुसऱ्या डोळ्याला नुसता उजेड कळतो. हा गेला की सगळं संपलं. आणि ऐन दुष्काळात, टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या आमच्या उदगिरात जड उचलायचं नाही म्हणजे काय, हे मला कुणी सांगेना. मनात आलं, शंभो, एवढी वर्षं तुला तळहातावर घेऊन पुजलं, आता तरी ऐकतोस का?

निलंग्याहून लेक आली होती. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, काळा चष्मा आला. डोळ्यात घालायच्या थेंबांची एक बाटली आणायची राहिली होती म्हणून ती मेडिकलला गेली, आणि नेमका तेव्हाच टँकर आला. तिनं मला खुर्चीतून उठायचं नाही असं बजावलं होतं. पण हॉर्न ऐकला की माझे पाय आपोआप निघतात. रांगेत गडीमाणसं उदगीर नवा जिल्हा होणार का, यावर वाद घालत होती. जिल्हा झाला की जणू नळ आपोआप सुटणार. त्यांचं ऐकत माझी घागर भरली, आणि ती कमरेवर घ्यायला मी हात घातला. उचलणार तोच गळ्यातला दोरा तुटला आणि इष्टलिंगाची चांदीची डबी चिखलात पडली.

आम्हा लिंगायतांत गळ्यातलं इष्टलिंग अंगावरून उतरत नाही, दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. घागर तशीच सोडून मी झटकन वाकणार, एवढ्यात कुणीतरी माझा दंड घट्ट धरला. पल्याडच्या गल्लीतली कुणी बाई असावी, मी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

"आत्या, वाकू नगा. माझ्या मायचा डोळा ऑपरेशननंतर असाच वाकून बिघडला. आधी खाली टेका, मान वरच राहू द्या."

तिच्या आधारानं मी पाठ ताठ ठेवून चिखलातच बसले, हात लांब करून डबी उचलली आणि छातीशी धरली. तिनं डबीला बोट लावलं नाही. माझी घागर मात्र घरात नेऊन ठेवली आणि आपल्या रांगेत गेली. तिचं नाव विचारायचं राहिलंच.

लेक परतली आणि मला चांगलंच बोलली. दोरा जुना होता, तुटायचाच होता, असं कुणी म्हणेल. म्हणू द्यावं. मला ठाऊक आहे, तो क्षणभर उशिरा तुटला असता तर भरली घागर माझ्या कमरेवर असती.

डॉक्टरांनी तपासून डोळा चांगला आहे म्हटलं तेव्हा मला रडू आलं, आणि रडतानाही डोळा चोळला नाही. आज नव्या दोऱ्यातलं लिंग तळहातावर घेतलं, डोळ्यांसमोर धरलं. कित्येक वर्षांनी ते इतकं स्वच्छ दिसलं. म्हटलं, पडलास तू आणि सावरलंस मला. तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मी बसूनच राहिले.