काकांचं ‘ठीक आहे’

सिडनीतल्या एका हॉस्पिटलच्या कॅथ लॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफीच्या खोलीत, मी टेक्निशियन होते. लॉकडाउनचे दिवस. त्या दुपारी टेबलावर आलेले काका पुण्याचे होते. बायकोसह पेंडल हिल या उपनगरात मुलाकडे सहा महिन्यांसाठी आले आणि विमानं बंद झाल्यामुळे इथेच अडकले. कोविडमुळे सोबत कुणालाच आत सोडत नव्हते, म्हणून काकू मुलाबरोबर खाली गाडीत बसून होत्या. माझं मराठी ऐकून काकांचे डोळे भरून आले. मास्कच्या वर तेवढेच काय ते दिसत होते.

डॉक्टरांनी हृदयाच्या अरुंद झालेल्या धमनीत स्टेंट बसवला. एक्स-रेच्या पडद्यावर रक्त झकास वाहताना दिसलं. दुखतंय का, असं डॉक्टरांनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा काका “नो, नो, फाइन” म्हणाले. चादरीबाहेर आलेल्या पायांची बोटं मात्र आखडली होती.

मला या सवयीचा भयंकर राग येतो. कुणाकडे गेलो आणि चहात साखर घालायची राहिली, तरी आपण छान झालाय म्हणून पिणार. इथे तर हृदयात तार घातलेली, तरी यांना काळजी कसली, तर डॉक्टरांना वाईट वाटायला नको.

मी दरडावूनच विचारलं, “काका, खरं सांगा.”

“ठीक आहे गं. तुम्ही सगळे दमलात.”

मी डॉक्टरांना म्हटलं, यांच्या बोलण्यावर जाऊ नका, एकदा आतून बघू या. टोकाला अल्ट्रासाउंड असलेली बारीक नळी धमनीत घालून हळूहळू मागे ओढली, की धमनीची आतली बाजू पडद्यावर दिसते. डॉक्टर वैतागले. पुढचा पेशंट ताटकळत होता आणि शिशाच्या एप्रनखाली आम्ही सगळे घामाघूम झालो होतो. पण काकांच्या पायांकडे एकदा बघून ते “ओके, क्विक लुक” म्हणाले.

धमनीच्या भिंतीत एका जागी कॅल्शियमचा कडक थर होता आणि नेमका तिथेच स्टेंट पुरता उघडला नव्हता, चेपलेल्या डब्यासारखा दिसत होता. तसाच सोडला असता तर पुन्हा बंद व्हायची भीती होती. दुखणं त्यामुळेच होतं की नाही, देव जाणे. डॉक्टरांनी जास्त दाबाचा फुगा मागितला आणि आत नेऊन फुगवला. तेव्हा कुठे काका “आई गं” म्हणाले, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पुन्हा आतून पाहिलं. आता स्टेंट गोल होऊन भिंतीला नीट टेकला होता.

डॉक्टर फोनवर मुलाशी बोलले. काकूंना मात्र सगळं मराठीत ऐकायचं होतं, म्हणून फोन माझ्या हातात आला. काका ठीक आहे म्हणतायत, अशी मी सुरुवात केली, तर त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“ते काय म्हणतायत ते नको सांगूस. बेचाळीस वर्षं ऐकतेय. तू बघितलंस का?”

“बघितलं, काकू. आतून बघितलं.”

त्या हमसून रडायला लागल्या, आणि शेजारी बसलेला मुलगा घाबरून विचारत राहिला, आई, काय झालं, काय म्हणाली ती.