फौज आली त्या सकाळचे काका

दीड महिन्यापूर्वी कॅल्गरीत मी गाडीला विंटर टायर बसवून घेत होते, तेव्हा विनिपेगहून काकूचा फोन आला. “हे गेले गं. चहा घेतला, पेपर मागितला... मी पेपर आणेपर्यंत गेले.” मी टायर बसेपर्यंत थांबले आणि तिथूनच विमानतळ गाठला. काकांनीही हेच केलं असतं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सर्जन. मी कॅनडात शिकायला आले तेव्हा त्यांच्या विनिपेगच्या घरी बेसमेंटमध्ये राहिले. पहिल्या हिमवादळानंतर कुडकुडत दारात उभी होते, तर त्यांनी हातात फावडं दिलं. “शोव्हल कर, थंडी पळेल.” लाड असे नाहीतच. कॅनडाआधी ते युगांडात होते, पण त्याबद्दल विचारलं की, “वॉर्ड होता, पेशंट होते,” एवढंच. बाकीचं काकूनं सांगितलं, भाजी निवडता निवडता, आणि काका पेपराआडून तिच्या चुका काढत राहिले.

कंपालातल्या सरकारी हॉस्पिटलात काका होते. कित्येक वर्षं जंगलातून लढणारी बंडखोरांची फौज राजधानीपाशी आली, तशी सरकारी फौज दुकानं लुटून पळाली आणि आपले जखमी वॉर्डातच टाकून गेली. बंडखोर त्यांचा सूड घेणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. काकांनी त्या जखमींचे गणवेश उतरवून जाळले आणि सगळ्या पेशंटांना सारख्याच चादरी पांघरवल्या. नर्स येऊ शकत नव्हत्या, म्हणून काकू बँडेज गुंडाळायला बसली होती. सकाळी खिडकीतून तिला ती फौज दिसली. पायात गमबूट, डोक्यावर बोचकी, एकामागून एक मुकाट चाललेली माणसं. त्यातल्या एकानं फाटकाशी थांबून विचारलं, नळाचं पाणी घेऊ का? “इतकी वर्षं आम्ही यांनाच घाबरत होतो!” काकू म्हणायची.

मग त्यांचा एक अधिकारी वॉर्डात आला. त्याच वेळी कोपऱ्यातला एक जखमी तापात बरळायला लागला, त्याच्या उत्तरेकडच्या भाषेत. जुन्या फौजेत बहुतेक उत्तरेचेच. आणखी दोन वाक्यं, आणि तो कोण ते उघड झालं असतं. काकांनी शांतपणे त्याच्या तोंडात थर्मामीटर ठेवलं, हनुवटी धरली आणि घड्याळ बघत उभे राहिले. अधिकारीही उभा राहिला. बराच वेळ...

“डॉक्टर, तुमच्याकडे ताप मोजायला इतका वेळ लागतो?”

“याचा ताप जुना आहे.”

अधिकाऱ्यानं त्या माणसाकडे पाहिलं, सगळ्या सारख्या चादरींकडे पाहिलं. “मला सगळं कळलंय,” तो म्हणाला. “काढा ते, गुदमरेल. आता सरकार आम्ही आहोत, म्हणजे हेही आमचेच.” आणि त्यानं आपले जखमी आणून त्याच वॉर्डात, मधल्या रिकाम्या खाटांवर ठेवले.

हे ऐकून मी भाजी तशीच ठेवून बसले होते. थक्क कुणामुळे व्हावं, काकांमुळे की त्या जिंकलेल्या माणसामुळे, तेच कळेना. “भीती नाही वाटली, काका?”

“वाटली की. थर्मामीटर उलटं धरलं होतं.”

“उलटं नव्हतं हो,” काकू म्हणाली.

“तू बँडेज बघ तुझी.” मग पेपर खाली ठेवून म्हणाले, “पुढे त्यांनी राज्य कसं केलं, ते तू वाच. मी त्या सकाळचं सांगतोय.”

एक गोष्ट मात्र काकूनं या वेळी, दिवसवार झाल्यावर सांगितली. तो तापाचा माणूस बरा होऊन गावी निघाला, तेव्हा रस्त्याच्या वळणावर नव्या फौजेची चौकी होती. अधिकाऱ्याचा शब्द खालच्या शिपायांपर्यंत पोचलाय का, कुणाला ठाऊक? काका फाटकात उभे राहिले. शिपायांनी त्याला थांबवलं, काही विचारलं, सोडलं. तो वळून दिसेनासा झाला, तेव्हाच काका आत आले. तेव्हापासून प्रत्येकाला तसंच. उणे तीस असो, पाहुण्यांची गाडी वळेपर्यंत ते ड्राइव्हवेत उभे असायचे आणि मी घरातून ओरडायचे, हीटिंग वाया जातंय, दार लावा!

विमानतळाकडे निघताना टॅक्सीतून मागे पाहिलं. काकांचा मोठा कोट घालून काकू बर्फात उभी होती. मी काच खाली केली. “आत जा काकू, गारठशील.”

“तू वळ आधी.”