झेपेला तीन गुण

हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. बायकोला नाही, पुण्याला आईशी दर रविवारी तासभर बोलतो तिलाही नाही. देवाला माहीत असणारच, म्हणून त्यालाही मुद्दाम वेगळं काही कळवलं नाही. पाच वर्षं. गेल्या महिन्यात ते पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं, आणि मग ज्यांना ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं. आता तुम्ही राहिलात.

तसा मी स्वतःच्या फजित्या सांगण्यात पटाईत. इकडे टेक्सासमध्ये, आमच्या शुगर लँड गावातल्या कुठल्याही मराठी घरात जेवणं झाली की मला आग्रह होतो. दुकानातलं श्रीखंड घरच्या डब्यात घालून पॉटलकच्या जेवणाला ‘हिने केलंय’ म्हणून नेलं, आणि पंगतीत त्याच दुकानाचे मालक शेजारी बसले — ही गोष्ट मी निदान दहा वेळा सांगितली असेल, दर वेळी थोडं तिखटमीठ वाढवून. पण फजिती वेगळी. फजितीत आपण पडतो, लोक हसतात, विषय संपतो. ह्यात मी पडलो नाही. पडली ती दुसरीच.

नाही — असं एकदम नको. मला ते जमणार नाही.

माझी मुलगी रेवा चौदा वर्षांची असताना तिने एका संध्याकाळी जाहीर केलं की ती रग्बी लीग खेळणार. मी म्हटलं, रग्बी माहीत आहे. ती म्हणाली, “बाबा, दॅट्स द अदर वन.” तिथून माझ्या अज्ञानाला जी सुरुवात झाली ती अजून चालू आहे. भाड्याच्या शाळेच्या मैदानावर जेमतेम वीस-बावीस मुलींचा क्लब. कोच सिओने — टोंगाचा, ऑस्ट्रेलियात वाढलेला, तेलाच्या कामासाठी इकडे आलेला, दरवाजाएवढा माणूस. त्याने मला खेळ समजावला. सहा वेळा तुम्हाला पाडलं की बॉल समोरच्यांना द्यायचा. “म्हणजे ओव्हर!” मी म्हटलं. त्याने पुढे सांगितलं की सहाव्यांदा पाडले जाण्याआधी समोरचे बॉल लाथेने उंच उडवतात, आणि तो झेलायला सगळ्यांच्या मागे एकटी उभी असते ती फुलबॅक. कुणी फळी फोडून निसटलं तर त्यालाही तिनेच आडवं करायचं. “म्हणजे विकेटकीपर आणि लाँगऑन एकाच पगारात,” मी म्हटलं. ह्यावर त्याने माझ्या खांद्यावर पंजा ठेवला आणि विचारलं, “मेट, यू आर गुड विथ नंबर्स, राइट?”

अमेरिकेतल्या भारतीय बापाला हा प्रश्न विचारला की उत्तर ठरलेलंच. मी क्लबचा आकडेतज्ज्ञ झालो.

फुलबॅक दोघी होत्या. एक आमची रेवा. दुसरी गार्गी. गार्गीची आई वैशाली नागपूरची, नर्स, आणि शनिवारी तिची हमखास ड्यूटी. त्यामुळे दर शनिवारी सकाळी गार्गी आमच्या गाडीत मागे बसायची, मंजिरीने — म्हणजे माझ्या बायकोने — बांधून दिलेले धपाटे खायची आणि खिडकीतून बघत राहायची. बोलायची कमी. पण मधूनच म्हणायची, “काका, त्या ट्रकच्या मागे नका राहू. ही इज गोइंग टू एक्झिट.” ट्रकचा वळायचा दिवा लागलेला नसायचा. मी हसायचो — आणि दहा सेकंदांनी ट्रक एक्झिटकडे वळायचा. मला वाटायचं, नशीब. रेवा म्हणायची, “शी जस्ट नोज, बाबा.” तेव्हाच मला कळायला हवं होतं, नाही का? वर्ष-दीड वर्ष ती मुलगी माझ्या पाठीमागे बसून आपला सगळा खेळ मला समजावून देत होती, आणि मी रेडिओचा आवाज वाढवत होतो.

दोघी पंधरा वर्षांच्या झाल्या त्या उन्हाळ्यात दुसऱ्या राज्यात तरुण फुलबॅकसाठी एक कॅम्प ठरला. प्रत्येक क्लबकडून एकच नाव. कोचने आपसातल्या तीन मॅचेस ठेवल्या. अर्धा वेळ गार्गी मागे, अर्धा वेळ रेवा. शिट्टी स्वतः कोचच्याच तोंडात, त्यामुळे त्याचं लक्ष बॉलपाशी. मागे काय चाललंय ते बघायचं काम माझं. मी स्प्रेडशीट बनवली. काय देखणी शीट होती ती! रंगीत रकाने, आपोआप बेरीज. साध्या झेलाला एक गुण, अवघड झेलाला तीन. अवघड म्हणजे काय? तेही मीच ठरवलं. जिथे मुलीला अंग झोकून द्यावं लागलं, तो अवघड. कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये मी बारावा खेळाडू आणि स्कोअरर होतो. आयुष्यभर सीमारेषेवरून दुसऱ्यांच्या झेपांना टाळ्या वाजवलेल्या. झेप दिसली की माझा हात आपोआप वर जातो.

तीन मॅचेसनंतर रेवा कितीतरी पुढे होती. गार्गीच्या नावावर एकेक गुणाची रांग. बॉल वर जायचा, गार्गी त्याच्याखाली उभी असायची, बॉल तिच्या हातात यायचा. ह्यात बघण्यासारखं काय?

इथपर्यंत तो मूर्खपणा होता. मूर्खपणाची कबुली मी हसत हसत देतो, तिची मला सवय आहे.

रविवारी दुपारी मी व्हिडिओ काढून बसलो. फोन तिवईवर लावून सगळं मैदान दिसेल असं शूटिंग केलं होतं. हेतू एवढाच, की रेवाच्या एका जबरदस्त झेपेचा तुकडा कापून पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर टाकावा. तो तुकडा कुठून सुरू करायचा म्हणून मागे नेला — आणि मला रेवा दिसली ती बॉल वर गेल्यावर दचकून पळायला लागलेली. तीन पावलं उशीर. म्हणून झेप. पुढच्या झेलालाही तेच. मग मी गार्गीचे झेल लावले. समोरच्या मुलीचा पाय बॉलला लागायच्या आधीच गार्गी चालायला लागलेली असायची. पळत नव्हती, चालत होती. ट्रकचा दिवा लागायच्या आधी.

मी ते किती वेळा बघितलं असेल? चहा पार गार झाला. माझ्या देखण्या शीटने उशिरा पोचणाऱ्या मुलीला तीन गुण दिले होते आणि वेळेवर पोचणाऱ्या मुलीला एक.

तेवढ्यात कोचचा फोन आला. म्हणाला, “शीट बघितली. पण मला पटत नाहीये. व्हिडिओ पाठवतोस का?” व्हिडिओ माझ्यासमोर उघडा होता. गार्गी पडद्यावर अर्ध्या पावलात थांबलेली. आणि मी — इंग्रजीत, अगदी सहज, मध्ये खेदाचा एक सुस्कारा टाकून — सांगितलं, की सॉरी कोच, फोनची मेमरी भरली होती, डिलीट झाला.

कॅम्पला रेवाचं नाव गेलं.

तुम्हाला वाटेल, झाली कबुली. मलाही बरीच वर्षं वाटत होतं की माझं पाप म्हणजे हेच. पण ती नुसती प्रस्तावना होती.

पुढच्या शनिवारी गार्गी नेहमीसारखी मागे बसली. रेवाला मनापासून “काँग्रॅट्स” म्हणाली. धपाटा तसाच हातात. बराच वेळ गेल्यावर विचारलं, “काका, तुम्ही सगळं लिहून ठेवता ना... व्हॉट शुड आय वर्क ऑन?”

ह्या प्रश्नाला खरं उत्तर माहीत असलेला जगात एकच माणूस होता, आणि तो गाडी चालवत होता. मी म्हणू शकलो असतो, काही नाही गं, तू आहेस तशीच राहा. निदान गप्प बसू शकलो असतो. पण गप्प बसलो असतो तर तिला शंका आली असती — असं मला वाटलं. म्हणून मी आरशात तिच्याकडे बघून म्हणालो, “तू जरा डाइव्ह करायला शीक, बेटा. नुसती उभी दिसतेस. काहीतरी दिसायला हवं ना!”

हे ते वाक्य. हीच ती कबुली.

तिने ऐकलं. का नाही ऐकणार? काकांनी सांगितलं होतं. त्या उन्हाळ्यात ती मुद्दाम थांबायला शिकली. बॉल कुठे पडणार हे दिसत असताना जागच्या जागी उभी राहायची, मग पळायची, मग झेपावायची. निम्मे झेल सुटायचे. प्रत्येक सुटलेल्या झेलानंतर ती बाजूला उभ्या असलेल्या माझ्याकडे बघायची, आणि मी अंगठा वर करायचो. थंडी पडायच्या आत तिने खेळणं सोडलं. वैशालीने सांगितलं, “म्हणते, माझ्यात ते नाहीच.” मी म्हटलं, ह्या वयात मुलांचं असंच असतं.

रेवाचं काय झालं म्हणाल तर कॅम्पमध्ये पहिल्याच दिवशी तिथल्या कोच बाईंनी तिची झेप बघून टाळी वाजवली नाही. विचारलं, तू उशिरा का निघालीस? दुसऱ्या दिवशी तेच. रेवा परत आली ती सहा दिवस रडून आणि एक गोष्ट शिकून. पुढची दोन वर्षं तिने झेप विसरण्यात घालवली. समोरच्या मुलीचे खांदे बघायचे, पाय कुठे रोवतेय ते बघायचं, आणि आधी निघायचं. ती हळूहळू गार्गी व्हायला लागली. आणि गार्गी, माझ्या सल्ल्याने, रेवा होता होता थांबली होती. दोन मुलींची एवढी काटेकोर तुलना करणारा मी, ही एक तुलना मात्र कुठल्याच रकान्यात भरली नाही.

आता गेल्या महिन्यातलं. दोघी वीस वर्षांच्या, कॉलेजच्या सुट्टीत घरी. रेवाच्या आग्रहाने गार्गी क्लबच्या लहान मुलींना शिकवायला यायला लागली होती. मी पाण्याचा कूलर पोचवायला गेलो. सकाळचे नऊ, तरी शर्ट पाठीला चिकटलेला. मैदानात एक दहा वर्षांची चिमुरडी बॉल पडायच्या जागी आधीच जाऊन उभी होती. आणि गार्गी टाळ्या वाजवत तिला म्हणत होती, “नो नो, डाइव्ह! मेक इट लुक लाइक समथिंग!”

माझं वाक्य. जसंच्या तसं. इंग्रजीत.

मी कूलर ठेवला, घरी आलो, कपाटातली जुनी हार्ड ड्राइव्ह काढली. हो, व्हिडिओ होता. डिलीट करायचीसुद्धा माझ्यात हिंमत नव्हती. परत गेलो, गाडीची डिकी उघडून तिथे लॅपटॉप ठेवला, गार्गीला हाक मारली आणि सगळं सांगितलं. आधी सांगितलं, मग दाखवलं. वीस वर्षांत पहिल्यांदा मी एखादी गोष्ट तिखटमीठ न लावता सांगितली असेन.

तिने ते एकदा बघितलं. परत बघितलं. तिसऱ्यांदा बघताना हळूच म्हणाली, “आय वॉज ऑलरेडी देअर.” मला नाही, पडद्यावरच्या मुलीला. मग लॅपटॉप मिटून माझ्याकडे वळली. “काका, मी तुम्हाला विचारलं होतं.” एवढंच. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या दुपारी रेवाला आणि मंजिरीला सांगितलं. रेवा दोन दिवस माझ्या गाडीत बसली नाही. कोच आता दुसऱ्या राज्यात असतो; त्याला फोन केला, त्याने ऐकलं आणि ठेवून दिला. वैशाली म्हणाली, “उदयदादा, पाच वर्षं मी तुमच्याकडे दिवाळीचा फराळ पाठवतेय.” ह्या वर्षीचं मला माहीत नाही.

चार दिवसांनी गार्गीचा मेसेज आला: शनिवारी लॅपटॉप आणा. खाली ‘प्लीज’ नव्हतं.

गेलो. झाडाखाली आठ-दहा मुली दाटीवाटीने बसल्या होत्या. व्हिडिओ सुरू करायच्या आधी गार्गी माझ्याकडे वाकली आणि मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं, विचारलं, “आवाज बंद करू का, काका?” कारण तिने तो तीनदा ऐकला होता. रेवाच्या प्रत्येक झेपेला कॅमेऱ्यामागून माझी आरोळी येते — “शाब्बास! वा, पोरी, वा!” आणि गार्गीच्या झेलांना काही नाही. एका झेलाला मी चिवडा खाल्ल्याचा कुरकुर आवाज तेवढा येतो.

“नको,” मी म्हटलं. “राहू दे.”

मुलींनी सगळं ऐकलं. एकीने विचारलं, तो ओरडणारा माणूस कोण. शेजारी उभ्या असलेल्या रेवाने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या खदाखदा हसल्या. मग चिवडा आला, तेव्हा कुणी हसलं नाही. ती दहा वर्षांची चिमुरडी पुढे सरकली, पडद्याला जवळजवळ नाक लावून म्हणाली, “वेट. शी लेफ्ट बिफोर द किक.”

गार्गीने व्हिडिओ मागे नेला आणि तो झेल पुन्हा लावला. मग तिने पिशवीतून बूट काढले आणि लेस बांधता बांधता रेवाला म्हणाली, “चल, मार उंच.”