कळशीच्या मापाचा फेटा

सकाळी फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. दत्तूचा मुलगा विलास म्हणाला, “काका, बाबा गेले.” आणि मी, अर्ध्या गालाला फेस, विचारलं, “तालमीत ना?” रोज त्या वेळी तो तालमीतच जायचा. पलीकडून विलास हळूच म्हणाला, “नाही काका. झोपेतच.” आयुष्यभर चुकीच्या वेळी चुकीचं बोलत आलो, दत्तूच्या मरणानेही ती सवय मोडली नाही.

दत्तू शिर्के ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या पलटणीच्या घराण्यातला, मी दाना ओलीतल्या दरबारी भटजींचा मुलगा. आमची गाठ पडली तालमीत. आखाड्यात मी मोजकेच दिवस टिकलो. वस्ताद म्हणाले, “पंडित, तू माती मळ, लढू नको, मातीला लाज वाटते.” दत्तूची कथा निराळी. अंगाने काडी, म्हणून मोठे पैलवान नवा डाव बसवायला त्यालाच धरायचे. हा आपटला जायचा, उठायचा, लंगोट झटकून पुन्हा उभा. त्या पैलवानांना दरबाराकडून दूध-बदाम मिळायचे. संस्थान विलीन झालं, खुराक बंद पडला आणि एकेक जण इंदूर, कोल्हापूर, मिळेल तिकडे निघून गेला. दत्तूच्या वडिलांची पलटणही मोडली. दत्तू मात्र राहिला. “मला कुठे काय मिळत होतं, जे बंद होईल?” म्हणायचा, आणि भिजवलेले चणे खाऊन जोर काढायचा.

मग नव्या प्रांताचा, मध्य भारताचा, पहिला मल्ल निवडायचं ठरलं. जिंकेल त्याला सरकारी आखाड्यात वस्तादाची जागा, असं मंत्र्यांनी भाषणात सांगितलं. ती जागा दत्तूला हवी होती... इतकी, की त्याने तोवर लग्नसुद्धा लांबवलं. गंमत म्हणजे ज्यांनी कधीकाळी त्याला आपटलं होतं, त्यांनाच तो एकेक करून हरवत गेला. सगळ्यांचे डाव त्याच्या पाठीला पाठ होते. शेवटची कुस्ती इंदूरच्या एका पहाडाशी.

विजेत्याला फेटा बांधायचं काम माझ्याकडे. दरबारात पगडी बांधून जाणाऱ्या घरातला म्हणून मी फार फुशारक्या मारल्या होत्या. खरं तर जिवंत डोक्यावर माझा फेटा कधी उभा राहिलाच नाही. म्हणून आदल्या दिवशीच घरी कळशीवर बांधून ठेवला. कळशी निवडली ती इंदूरवाल्याचं डोकं नजरेत धरून.

कुस्ती सुरू झाली. दत्तू बराच वेळ पालथा, मातीला घोरपडीसारखा चिकटलेला. तो पहाड उलथवून उलथवून धापा टाकू लागला. जरा सैल पडला मात्र, दत्तू सुटला, वाकून पटात शिरला... आणि पहाड चीतपट! लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं, मी धावत जाऊन फेटा चढवला, तो थेट नाकापर्यंत उतरला. “अरे भैया, पहलवान को दिखने तो दो!” कोणीतरी ओरडलं. मिरवणूकभर तो एका हाताने फेटा धरून बसला होता. घरी आल्यावर म्हणाला, “काय रे पंडित, तुलाही वाटलं नव्हतं ना?”

“माझ्याकडे लहान कळशी नव्हती,” मी म्हणालो. तो इतका हसला की जेवताना ठसका लागला.

वस्तादाची जागा आज निघेल, उद्या निघेल, करता करता मध्य भारतच नाहीसा झाला. कचेऱ्या भोपाळला गेल्या. तिथे म्हणाले, नवं राज्य, नवी निवड, पुन्हा लढा. दत्तूचा खांदा तोवर निखळून बसलेला. तरी गेला. मी सोबत. पहिल्याच कुस्तीत पाठीला माती लागली, बघता बघता. येताना झाशीला मी चहा आणला आणि सगळा माझ्याच धोतरावर ओतला. माझ्या फजितीवर दत्तू हसला नाही, असं पहिल्यांदाच झालं. ग्वाल्हेर जवळ आल्यावर म्हणाला, “फेटा मोठा होता म्हणून हसलो, पंडित. राज्यच लहान निघालं.”

मग दत्तूने पडाव भागात मालाच्या मोटारींवर मुकादमी केली, संसार केला. कोणी लढायला येत नसतानाही रोज पहाटे तालमीची माती खणून भुसभुशीत ठेवली. फेटा घरात खुंटीवर. “काढ की, नीट बांधून देतो,” मी म्हणायचो. “राहू दे. दुसऱ्याच्या मापाचा आहे.”

तेरावं झाल्यावर परवा तिकडे गेलो होतो. तालमीला कुलूप. दाराच्या फटीतून पाहिलं, माती घट्ट बसली आहे. घरी विलासच्या बायकोने चहा दिला आणि खुंटीकडे बोट केलं. “काका, हा तुम्हीच घेऊन जा. आमच्याकडे मुलं खेळून खेळून खराब करतील.” मी फेटा उतरवला. रंग विटलेला, पीळ माझेच, वेडेवाकडे. आत बोटं गेली तर कापडाची जाड गोल पट्टी लागली. लाल लंगोटाचं जुनं कापड, घडी करून, काथ्याच्या दोऱ्याने ओबडधोबड शिवलेलं. टाके पैलवानाच्या हाताचे, दुसऱ्या कोणाचे नव्हेत.

“हे?”

“दसऱ्याला घालायचे ना,” ती म्हणाली. “दार लावून. आरशासमोर जरा वेळ उभे राहायचे. आम्हाला वाटलं, तुम्हाला माहीत असेल.”

निदान या वेळी तरी चुकीचं काही बोललो नाही. फेटा पुन्हा खुंटीवर ठेवला.

“नेत नाही का, काका?”

“नको,” मी म्हणालो. “त्याच्या मापाचा आहे.”